मऊ पानांचा खुळखुळा

औराद, १४ सप्टेंबर १९७२

शाळा आज अर्धीसुद्धा भरली नाही. पोरं आईबापांमागे दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली आहेत. नववीच्या वर्गात मी, फळा आणि चार पोरी. त्यांना सोडून दिलं आणि हरिबाच्या माळावर फिरायला गेलो. सायन्सच्या मास्तराने झाडं बघायची नाहीत तर कुणी बघायची?

ज्वारी सगळीकडे जळाली आहे. हरिबाने मात्र वरच्या बरड पट्ट्यात भगर पेरली होती, ती थोडीफार उभी आहे. तिच्यात खुळखुळा माजलाय. खुळखुळा काही नवा नाही. वाळल्यावर शेंगा वाजतात, लहानपणी आम्ही पायाला बांधून नाचायचो. पण आज खाली बसून पान हातात घेतलं आणि थबकलो. नेहमीच्या खुळखुळ्याचं पान असं नसतं. हे रुंद आहे, आणि वासराच्या कानासारखं मऊ. शाळेच्या कपाटातल्या दोन्ही जुन्या ग्रंथांत असं पान नाही, हे मला पाठ आहे.

हरिबा त्याच पट्ट्यात खुळखुळा उपटत होता. मी ओरडलोच.

"अरे, थांब! उपटू नको."

"कामून, गुर्जी? भगरीच्या उरावर बसलाय की ह्यो. जनावर बी तोंड लावंना त्येला."

"एवढा पट्टा राहू दे. फुलं बघायचीत, शेंगा बघायच्यात. नवीन झाड असेल हे, हरिबा. छापून येईल. तुझ्या माळाचं नाव येईल त्यात."

तो हसला. "माळाचं नाव! बरं, ऱ्हाऊ द्या. तुमी म्हनलाव म्हून ठिवतो."

१९ सप्टेंबर

झाड दाबून वाळवायला वर्तमानपत्रांत घातलं आणि वर घरातला पाटा ठेवला. दुसरं जड काही नव्हतं. आज नलिनीचा पारा चढला.

"अहो, त्या पाट्याखालचं गवत कवा काढणार? चटणी वाटायची राहिलीय. शाळेत शिकवता ते पुरं न्हाई का, म्हणून घर भरायलाव?"

तिला समजावलं की याला आपण नाव देणार. मी! जगात ज्याने त्याने ते नाव लॅटिनमध्ये वाचायचं. ती पाट्याकडे बघत म्हणाली, "नाव तुम्ही द्या, पण पाटा माझा हाय." मग दगडी खलबत्त्यात चटणी कुटली. जेवताना मात्र तिनेच विचारलं, पान खरंच एवढं मऊ आहे का. कागद उघडून दाखवलं. बोटाने कितीतरी वेळ कुरवाळत बसली.

२ ऑक्टोबर, बिदर

सुट्टी होती म्हणून सासऱ्यांकडे आलो. रामाचार्य, म्हणजे आमचे अप्पा, इथल्या शाळेत संस्कृत शिकवून रिटायर झाले. नलिनी त्यांची एकुलती एक. माझ्याकडे रद्दीतून आणलेलं लॅटिन व्याकरण आहे, पण सामासिक विशेषणांपाशी गाडी अडली होती. अप्पांना लॅटिनचं अक्षर येत नाही. तरी पाच मिनिटांत सोडवलं.

मी सांगितलं, मॉलिस म्हणजे मऊ, फोलियम म्हणजे पान. जोडताना पहिल्या शब्दाची विभक्ती गळते, मध्ये 'इ' उरतो. शेवट मात्र झाडाच्या लिंगाप्रमाणे बदलतो. खुळखुळ्याचं कुळनाम क्रोटलारिया, ते स्त्रीलिंगी. म्हणून मॉलिफोलिया.

अप्पांनी मांडी थोपटली. "अहो नरसिंहराव, हा तर आपला बहुव्रीही! मृदूनि पर्णानि यस्याः सा मृदुपर्णा. मऊ हे महत्त्वाचं नाही, पान हे महत्त्वाचं नाही. ज्याचं ते पान हाय, ते तिसरंच महत्त्वाचं. दोन्ही शब्द बाहेर बोट दाखवतात." मग हसून म्हणाले, "आणि बहुव्रीही या शब्दाचाच अर्थ काय? ज्याच्या घरात भरपूर साळी हाय तो. अशा सालात हा समास सोडवायला बसलो आपण!"

मग त्यांनी विचारलं, "पान झालं. फळाचं काय? बी कसंय?" मी म्हटलं, शेंगा अजून कोवळ्या आहेत, त्याचं नंतर बघू. नाव पानावरच ठरलंय. सकाळी येताना एसटीत, रूप बरोबर का ते कळत नसतानाही, सगळ्या रस्त्याने पुटपुटत होतो, मॉलिफोलिया, मॉलिफोलिया. शेजारच्या म्हाताऱ्याला वाटलं मी जप करतोय.

१८ नोव्हेंबर

आज पार्सल रवाना केलं. दाबलेली झाडं, चित्रं, लॅटिन वर्णन, सगळं दक्षिणेकडच्या मोठ्या वनस्पतिसंग्रहालयाकडे. शेंगा पिकायच्या आधीच वर्णन लिहून झालं होतं, त्यामुळे बियांचा परिच्छेद राहिला. तो मागाहून पाठवतो असं लिहिलंय. धीरच निघेना. कुणी आधी नाव दिलं तर?

घरी आलो तर हरिबा आणि त्याची बायको कोंडाबाई दारात. डोक्यावर भगरीचं पोतं. घ्यायला लाज वाटली, त्यांच्याच घरी काय उरणार? पण हरिबा ऐकेना. "तुमी राखून ठिवलेल्या पट्ट्यातली हाय, गुर्जी. घ्या. नव्या झाडाच्या शेजारी पिकल्याली." गड्याने मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मीही मजेत चढून बसलो.

नलिनीने कोंडाबाईला चहा दिला. कपबशी आमच्यातलीच दिली, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. सासरी आली तेव्हा ती हे करू शकली नसती.

९ डिसेंबर

नलिनीने नवस धरलाय. कशासाठी, ते सांगत नाही. नवस सांगायचा नसतो, सांगितला की फळत नाही, अशी तिच्या आईकडची समजूत. एका वेळी जेवायचं आणि जेवण फक्त भगरीचं. दळून भाकरी नाहीतर शिजवून भात. फळ नाही, दूध नाही. आणि भगर निवडायची नाही, जशी आली तशी घ्यायची. दुष्काळात दाणा निवडून फेकला तर देव म्हणेल यांना चोचले सुचतायत, असं तिचं म्हणणं.

कोंडाबाई लाकडं द्यायला आली होती, ती म्हणाली, "आमी न्हाई बाई नवस करत. बुद्धाच्या वाटंला लागल्यापासून सोडलं समदं. तुमी बी तब्येत बघून करा."

लग्नाला इतकी वर्षं झाली. नवस कशाचा असेल हे कळण्याएवढा मी शहाणा आहे. तिला विचारलं नाही. मलाच संकोच वाटला.

२८ डिसेंबर

आज मजा झाली. बियांचा परिच्छेद लिहायला माळावर गेलो तर शेंगा फुटून रिकाम्या. हात हलवत परत आलो. नलिनी सुपात भगर पाखडत होती, फोलकटं काढायला. सुपात बघतो तर काय, माझंच झाड! भगरीच्या दाण्याएवढंच बी, तपकिरी, चकचकीत, एका बाजूला चिमटा काढल्यासारखं वाकलेलं. कापणीत सगळं एकत्रच आलेलं. चिमूटभर उचलून पाकिटात भरलं.

नलिनी म्हणाली, "बघा, तुमचं झाड माझ्या चुलीपर्यंत आलं. खाल्लं तर चालतं न्हवं?"

मी तिला कुळ समजावून सांगितलं. पतंगासारखं फूल, शेंग, दोन दलांचं बी. तूर, हरभरा, मूग यांचं सख्खं भावंड. "डाळच समज," म्हटलं. "भगरीत डाळ मिसळलीय, तेवढीच ताकद."

"मग बरं झालं," म्हणाली आणि सूप आत घेऊन गेली.

१६ जानेवारी १९७३

संग्रहालयाकडून काही नाही. बियांचा परिच्छेद माझ्याकडूनही अजून गेलेला नाही. पोस्टमन हणमंतप्पा मला लांबून बघूनच 'नाही' म्हणून हात हलवतो.

हरिबाची आई सरुबाई आजारी आहे. भेटायला गेलो. तोंडात दात नाही, त्यामुळे दुष्काळी कामावरची लाल ज्वारी तिला चावत नाही. तिला भगरीची पेज देतात. पोट फुगलंय, पाय सुजलेत. म्हातारपण, आणि उपासमारीचं साल. आणखी काय असणार.

नलिनी अंगाने वाळली आहे. बांगड्या कोपरापर्यंत चढतात. पोटात दुखतं म्हणते, मळमळतं म्हणते. काल परकराची नाडी सैल करताना मी पाहिलं. माझ्याकडे बघून तिने पदर ओढला.

मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो. हसू आवरेना. ती सांगेल तेव्हा सांगेल.

४ फेब्रुवारी

सरुबाई गेली. हरिबाच्या घरी जाऊन आलो. वस्तीतली माणसं जमली होती, भीमराज नावाचा तरुण शिक्षक पाली वंदना म्हणत होता. त्रिशरणाच्या ओळी कानांवर पडल्या आणि भाषा संस्कृतच्या किती जवळची आहे याचाच विचार करत उभा राहिलो. मग माझीच मला शरम वाटली.

कोंडाबाई म्हणाली, "घागरीवानी पोट झालतं, गुर्जी. दाबलं तर पानी हालायचं आत."

घरी नलिनीला दोनदा उलटी झाली. बाजारातून तिला आंबट बोरं आणली. नवस आहे म्हणून खाल्ली नाहीत, पण हातात घेऊन वास घेतला. मला तर गगन ठेंगणं झालंय. अप्पांना कार्ड लिहावं म्हणतो, पण एखादा महिना जाऊ दे.

१९ फेब्रुवारी, बिदर

काय लिहू.

काल सकाळी ती उठलीच नाही. एसटीत आडवी घालून आणलं. अप्पा स्टँडवर आले होते, मुलीला बघून त्यांच्या हातातली छत्री पडली. दवाखान्यात डॉक्टरने तपासलं आणि मला बाजूला घेतलं. मी मूर्खासारखं विचारलं, "कितवा महिना?"

त्याने गळ्यातला स्टेथोस्कोप काढला. म्हणाला, मूल नाही. पाणी आहे. काळीज, म्हणजे यकृत, बिघडलंय. दारू तर या बाई पीत नसतील, मग असं का व्हावं? खातात काय?

मी सांगितलं, नवस आहे, फक्त भगर.

"फक्त भगर खाऊन काळीज असं होत नाही. भगरीत काही मिसळलंय? घरात, शेजारी आणखी कुणाला झालंय असं?"

मला सरुबाई आठवली. तिची पेज आठवली. सूप आठवलं. सुपात बोट घालून मी उचललेलं बी आठवलं. ते पाकीट आत्ताही माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं. काढून डॉक्टरच्या टेबलावर ओतलं. तो म्हणाला, हे मी ओळखत नाही. मी म्हटलं, मी ओळखतो.

डाळच समज, असं मी म्हटलं होतं. जनावर तोंड लावत नाही, असं हरिबा म्हणाला होता. मी दोन्ही ऐकलं होतं.

२२ फेब्रुवारी, बिदर

भगर बंद. मऊ भात द्या, ताक द्या, असं डॉक्टरने सांगितलं. नलिनी खात नाही. नवस फळल्याशिवाय दुसरं अन्न तोंडात घालणार नाही म्हणते. मी हात जोडले. अप्पांनी, ज्या अप्पांनी जन्मात एकादशी चुकवली नाही त्यांनी, शपथ घातली की नवसाचं पाप मी घेतो. ती तोंड फिरवून पडली. भगर नाही तर नाही, उपाशी राहते म्हणाली. पोट तेवढं मोठं आणि बाकी सगळी हाडं.

मी उशाशी बसलो. म्हटलं, "नलिनी, मूल नको मला. तो नवस सोड."

तिने डोळे उघडले. "मुलाचा कुणी केलाय?"

"मग?"

तिने मान दाराकडे वळवली. मलाच विचारते, "हणमंतप्पा आला होता का? औरादला?"

तेव्हा कळलं. नवस त्या पत्राचा होता. मी उठून बाहेर गेलो, नळाखाली तोंड धरलं, परत आलो. चेहरा सरळ ठेवला. म्हटलं, "सांगायचं राहिलंच बघ या गडबडीत. पत्र आलं. नाव मंजूर झालं."

"खरं?"

"खरं."

"काय नाव?"

"क्रोटलारिया मॉलिफोलिया."

"म्हंजे?"

मी ताकाच्या भांड्याकडे वळलो. अप्पा पलीकडून म्हणाले, "मृदुपर्णा, बाळ. मऊ पानांची." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांना सगळं समजलं होतं.

नलिनी हसली. खूप दिवसांनी. मग स्वतःच म्हणाली, "भूक लागलीय." ताक-भाताचे चार घास खाल्ले. मी भरवले.

२ मार्च, औराद

एका दिवसासाठी आलो. घरातली भगर अंगणात टाकून रॉकेल ओतून पेटवली. हरिबाला सगळं सांगितलं. तो खाली बसून माती उकरत राहिला. मग म्हणाला, "गुर्जी, मी तर उपटायलोतो."

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्याने काही भगर आठवडी बाजारात विकली होती. कुणाकुणाच्या घरात गेली, देवाला ठाऊक. उपासासाठी लोक तीच घेतात. आम्ही दोघांनी बाजारात दवंडी पिटली. हरिबा मराठीत ओरडला, मी कानडीत आणि दखनीत. भगरीतला तपकिरी दाणा खाऊ नका, जनावराला घालू नका. लोक हसले. एका बाईने विचारलं, "मास्तर, ह्या दान्याचं नाव काय?" मी म्हटलं, खुळखुळा.

माळावर जाऊन उरलेलं एकेक झाड उपटलं. वाळलेल्या शेंगा रिकाम्या होत्या, हातात वाजत नव्हत्या. बी तर केव्हाच जमिनीत गेलंय. पहिल्या पावसाला उगवेल.

२० मार्च, बिदर

आज चांगली बातमी आहे. डॉक्टर स्वतः म्हणाले, आता घरी न्या. दोनदा पोटातलं पाणी काढलं, आता पुन्हा काढण्यात अर्थ नाही म्हणाले. जे मागतील ते खायला द्या, कशाला अडवू नका. म्हणजे पथ्यसुद्धा उठलं. मी त्यांचे पाय धरले, तर ते मागे सरकले.

अप्पा सोबत येतायत. लग्नानंतर आजवर त्यांनी लेकीच्या घरी मुक्काम केला नव्हता, पाणीसुद्धा घेत नव्हते. आज आपण होऊन वळकटी बांधली. ट्रंकेतून सासूबाईंचा हिरवा शालू काढून बरोबर घेतला. मी म्हटलं, उन्हाळ्यात कशाला? म्हणाले, "असू दे. तिच्या आईनं तिच्यासाठी ठेवला होता." मग माझ्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. म्हातारी माणसं लवकर हळवी होतात.

बरी झाली की तिला पुण्याला घेऊन जाणार आहे. तिने बागा कधी पाहिल्या नाहीत.

३ एप्रिल, औराद

नलिनी ओसरीवर खाटेवर असते. तिला रस्ता दिसतो. अप्पा पायाशी बसून काही म्हणत असतात. आज आंब्याचा रस मागितला, तिघांत मिळून एक आंबा मिळाला. दोन चमचे घेतला.

दुपारी हणमंतप्पा आला. या वेळी हात हलवला नाही, थेट ओसरीपाशी येऊन जाड लिफाफा पुढे केला. "मास्तर, आलं की तुमचं! कवापासून वाट बघायलावतात."

मी झडप घातली, पण नलिनीने शिक्का पाहिला होता.

"कशाचं हाय?"

"शाळेचं."

"मला बी वाचता येतं," ती म्हणाली. "म्हंजे तवा आलं नव्हतं."

मी तिच्या खाटेशेजारी जमिनीवर बसलो. सांगितलं. खोटं बोललो म्हटलं, तू जेवावं म्हणून. माझ्या नावासाठी तू हे केलंस, आणि तो पट्टा मीच राखायला सांगितला होता, आणि डाळच समज असं मीच म्हटलं होतं. तुझा नवस मी मोडला. बोलताना रडू फुटलं, अप्पांसमोर.

ती वर छताकडे बघत होती. मग तिचा हात माझ्या डोक्यावर आला. हात कसला, नुसत्या काड्या. "फोडा तरी," म्हणाली. "काय म्हंतात?"

लिफाफा फोडला. त्यांनी लिहिलंय की झाड नवं वाटतं, नाव व्याकरणाला धरून आहे. मात्र बियांचं वर्णन राहिलं आहे. ते कळवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मी कागद चुरगळायला लागलो. मला ते नाव नको, ते झाड नको, म्हटलं. तिने मनगट धरलं.

"लिवा. न्हाई लिवलं तर दुसऱ्या कुनाला कळायचं कसं? ह्या बियाला माझ्याइतकं कुनी बघितलंय?"

अप्पा उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी दौत आणली, पाटा उलटा करून त्यावर कागद ठेवला. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. भगरीएवढं. तपकिरी. चकचकीत, सुपात घोळवलं की आधी कडेला येतं. एका बाजूला वाकलेलं. शिजवलं तरी लवकर फुटत नाही, दळलं की पिठात दिसत नाही. ती मध्ये मध्ये दम घ्यायला थांबत होती. मी लॅटिनमध्ये काय म्हणायचं ते नंतर बघणार होतो.

झालं असं वाटून मी लेखणी ठेवली. तिने डोळे मिटले होते. तसंच म्हणाली, "एक राहिलं. चवीला कडू न्हवतं. तेवढं लिवाच."